अर्ध्या वाक्याच्या गावी

जेनोआच्या धक्क्यावर मी सकाळपासून ट्रंकेवर बसून होतो. शेजारचा म्हातारा हमाल एकदम उठला आणि समुद्राकडे बोट करून ओरडला, "ए आर्रिवाता ला नावे!" (आलं, जहाज!) एरवी इटालियन माणूस जहाज आधी म्हणतो आणि आलं नंतर. पण कुणाच्याही ध्यानीमनी नसलेली बातमी असली, की तो येणं आधी सांगून मोकळा होतो. मी सवयीनं वही काढली आणि लगेच खिशात घातली. युरोपात भाषांचा अभ्यास करताना तीन वर्षं असली वाक्यं टिपण्यात गेली होती. आता मला घरी जायचं होतं, पनवेलजवळ खाडीकाठच्या नावड्याला.

जहाजावर पहिल्याच दिवशी फजिती झाली. डेकवर एक रिकामी खुर्ची दिसली, मी बसलो. थोड्या वेळानं एक फ्रेंच बाई डेकवरच्या कारभाऱ्याला घेऊन आल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हे गृहस्थ आहेत, ज्यांनी माझी खुर्ची घेतली." फ्रेंचमध्ये शब्द सहसा जागचे हलत नाहीत, म्हणून दोष नेमका कुणावर हे सांगायला असा मांडव घालावा लागतो. आपल्याकडे 'यानंच घेतली' म्हटलं की माणूस खुर्चीसकट उठतो. मीही उठलो, माफी मागितली. बाईंनी मग मला संत्रं दिलं, आणि एडनपर्यंत आम्ही रोज गप्पा मारल्या.

एडनपुढे उकाडा वाढला आणि मला प्रागची घरमालकीण आठवायला लागली. चेक लोक बोलताना ऐकणाऱ्याला ठाऊक असलेलं आधी ठेवतात आणि नवं शेवटी. किल्ली हरवली असेल तर 'किल्ली टेबलावर आहे', आणि टेबलावर काय आहे विचारलं तर 'टेबलावर किल्ली आहे'. अगदी आपल्यासारखं! ते ऐकून परक्या शहरात मला घर सापडल्यासारखं झालं होतं. पण बाई माझ्याशी मात्र नेहमी अख्खं वाक्य बोलायच्या, शब्द न् शब्द सुटा करून. चार महिन्यांनी एका दुपारी मी खोलीत लिहीत होतो आणि खालून नुसती हाक आली, "स्टिडने!" (निवतंय!) काय निवतंय, कुणासाठी, काही नाही. मी धावत खाली गेलो. सूप होतं, कणकेचे उकडलेले गोळे होते, आणि मी जेवताना रडवेला झालो होतो. घरच्या माणसाशी कुणी पूर्ण वाक्य बोलत नाही. माझ्या घरी माझ्याशी अजून तसं अर्ध्या वाक्यात बोलतील का, एवढीच धास्ती मनात घेऊन मी मुंबईला उतरलो.

ठाण्याहून पनवेलची एसटी पकडली. मुंब्रा, शीळ, तळोजा मागे पडलं. दोन्ही बाजूंना खाऱ्या जमिनीतलं भात पोटरीत (कणसं फुटायच्या बेतात) आलं होतं. नावड्याच्या फाट्यावर उतरलो तेव्हा खाडीचा वास आला आणि ऊर भरून आला.

दारात आई उभी होती. गावच्या शाळामास्तरांच्या घरून आणलेली खुर्ची तिनं माझ्यासाठी मांडली होती. "प्रवासात तुला त्रास झाला नाही ना? तुला पाणी देऊ का?" ती म्हणाली. पाणी! जन्मभर पानी म्हणणारी माझी आई माझ्यासाठी घासून पुसून बोलत होती. बाबा ओटीवर बसले होते. "तुझी तब्येत बरी हाय ना?" एवढंच त्यांनी विचारलं. जेवायला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (चिखलात उड्या मारणाऱ्या मासोळ्यांचं) कालवण होतं. आईनं विचारलं, "तुला तिखट चालतं का आता?"

दुसऱ्या दिवशी पुनवेचं उधाण आलं आणि वाटेवरून आरोळी गेली, "खांड!" (बांधाला भगदाड.) खाडीचं खारं पाणी भातात शिरलं की वर्षाचं पीक गेलं, म्हणून आमच्याकडे खांड पडली की घरटी एक माणूस बांधावर जातो, न बोलावता. मीही धावलो. माणसांची रांग लागली होती, हातोहात चिखलाचे गोळे आणि ते अडवायला ठोकायचे लाकडी खुंट पुढे चालले होते. पुढून धर्माकाका ओरडले, "आन!"

"काय आणू?" मी विचारलं.

रांग थांबली. काका वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "चिखलाचा गोला द्या, सायेब." साहेब! लहानपणी यांच्याच खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली होती. तेवढ्यात भगदाडाची एक कड ढासळली. बाबा म्हणाले, "तू दमला असशील. वरती जाऊन बस." मी वर बसलो. खाली सगळे 'हां', 'वाईच' (थोडं), 'इकरं' (इकडे) एवढ्यावर काम करत होते आणि शब्द ओळखीचे असूनही कशाबद्दल चाललंय ते मला कळत नव्हतं. एवढं परकं मला युरोपात कधीच वाटलं नव्हतं.

भगदाड अर्धंच बुजलं. दुसऱ्या दिवशी भरतीच्या आधी बाबा निघाले तेव्हा मीही मागोमाग गेलो आणि कमरेएवढ्या चिखलात त्यांच्या पाठीशी उभा राहिलो. मी तोंडांकडे पाहायचं सोडून हातांकडे आणि पाण्याकडे पाहत राहिलो. पाणी चढू लागलं तशी हातांची घाई वाढली. बाबांनी मागे न बघता हात मागे केला.

"दे."

मी चिखलाचा गोळा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तसाच माझ्या छातीवर फेकून मारला.

"खुंट, गाढवा!"

रांगेत हशा पिकला. धर्माकाका तर सगळ्यांत मोठ्यानं हसले. मी खुंट दिला, बाबांनी ठोकला, पुन्हा हात मागे आला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता, आणि पुसायची इच्छाही नव्हती.