अंगठ्याची दोरी

आष्ट्यात बाळंतिणींना न्हाऊमाखू घालणाऱ्या बनुबाईंना जवळजवळ ऐकूच येत नाही, हे मला त्या कामावर आल्यावर कळलं आणि मी सासूबाईंवर भडकले. रात्री बाळाजवळ निजायला बहिरी बाई आणतं का कोणी?

बनुबाई मात्र निवांत. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून निजायच्या. माझा यशराज चुळबुळला की दोरी ओढली जाई. मग दिवा लावणं नाही, उचलणं नाही. पोटावर तळहात, तीन थापा, "हं... हं..." बस्स.

"जागं न्हाई झालं ते, कूस बदलतंय. तू उचललंस की मंग जागं हुतंय," असं त्या मलाच दटावत. मी तर तो जरा कुरकुरला की अख्खं घर उठवायची. आठ दिवसांत नरमले.

एकदा दोरीबद्दल विचारलं. त्यांना दोन महिन्यांची मुलगी होती. दिवसभर उसात भांगलण करून, तण उपटून बनुबाई मेल्यासारख्या निजल्या. सकाळी पोर गार पडली होती.

"तवा कान चांगलं हुतं गं. तरीबी जाग आली न्हाई."



पुढच्या आठवड्यात यशराजला कणकण होती, म्हणून रात्री अकराला मी त्याला झोळीतून काढून माझ्या खोलीत नेलं. दोरीला धक्का लागू दिला नाही, बनुबाईंना उठवलं नाही. तीनच्या सुमारास पाण्यासाठी उठले, तर त्या अंधारात बसलेल्या. हात झोळीत. तीन थापा. "हं... हं..." झोळी भाराने खाली ओढलेली होती, आणि हळूहळू हलायची थांबली. मी खोलीत पळाले आणि यशराजला छातीशी घट्ट धरून बसले.

सकाळी त्या म्हणाल्या, "तीनदा उठलं, पण लगी निजलं."

"मावशी, बाळ रात्रभर माझ्यापाशी होतं!" मी ओरडून सांगितलं.

त्यांनी झोळीकडे बघितलं. घाबरल्या नाहीत, उलट डोळे भरून आले. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

महिना संपल्यावर साडीचोळी नको म्हणाल्या, फक्त ती झोळी मागितली. मी मुकाट्याने दिली. घरी त्या एकट्याच असतात.

परवा बाजारात भेटल्या. डोळे खोल गेलेले, पायाच्या अंगठ्यावर दोरीचा ताजा वळ.

"मावशी, झोप लागते का?" मी कानाशी ओरडले.

"कुठली गं," त्या हसल्या. "ती लय येळा उठतीया."