अकरा मिनिटांचा कॉम्प्युटर

माझा कॉम्प्युटर मेला असं ज्या माणसाने जाहीर केलं, तो त्याच्यासमोर पाच मिनिटंसुद्धा बसला नव्हता. इतक्या वर्षांनीही हे आठवलं की माझं डोकं तापतं.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. जव्हारला बाजारपेठेत माझं टायपिंगचं दुकान होतं. साखरशेत या माझ्या गावाहून पायी आणि एसटीने येऊन-जाऊन टायपिंग शिकलो, दुसऱ्याच्या दुकानात टाइपरायटर बडवला आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. कॉम्प्युटर ठाण्याच्या एका बंद होणाऱ्या ऑफिसातून जुना आणला होता. तिथल्या माणसाशी मी दोन तास घासाघीस केली आणि शेवटी माउसखालची रबरी चटईसुद्धा फुकटात काढून घेतली. विंडोज अठ्ठ्याण्णव आणि चौसष्ट एमबी मेमरी. तेव्हाही तो म्हाताराच होता, पण माझा होता.

दुकान उभं होतं ते आश्रमशाळांच्या याद्यांवर. दरवर्षी शाळांना मुलांची वर्गवार यादी आदिवासी प्रकल्प कार्यालयात द्यावी लागे. मोखाड्याकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक सगळ्यात आधी माझ्याकडे यायचे. त्यांचं पाहून आणखी तीन शाळा यायच्या. म्हणजे हे गुरुजी गेले की बाकीचे तिघेही जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या वर्षी एका मंगळवारी गुरुजी कागद घेऊन आले. मी बटण दाबलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं. गुरुजी चहा पिऊन आले, तरी ते घड्याळ तिथेच.

"अरे, हा उठणार आहे का आज?" गुरुजी म्हणाले.

"उठेल गुरुजी. सकाळी जरा जड असतो."

"जड? अरे, आमच्या शाळेतली पोरं याच्या आधी आंघोळ करून प्रार्थनेला उभी असतात."

नेमका त्याच वेळी नाशिकहून आठवड्याला एकदा येणारा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला दारात आला. मी बोलावलंही नव्हतं. त्याने डब्याला कान लावला, दोन टिचक्या मारल्या आणि गुरुजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दादा, यात जीव राहिला नाही. नवीन घ्या. हा मी घेऊन जातो, तुमची जागा तरी मोकळी होईल."

गुरुजी माझ्याकडे पाहून म्हणाले, "शनिवारी यादी द्यायची आहे. शुक्रवारपर्यंत थांबतो. नाहीतर स्टँडजवळच्या नवीन दुकानात देईन. तिथं नवं मशीन आहे."

ते दोघे गेल्यावर मी तासभर नुसता धुमसत होतो. मग एक गोष्ट डोक्यात आली. मी स्वतः जन्मभर जुना माल घेत आलोय. ज्याला माल हवा असतो तोच मालाला नावं ठेवतो. डबा मेला असेल तर हा तो न्यायला का टपलाय?

मी ताबडतोब मशीनसमोर बसलो आणि दिसेल ती सेटिंग बदलत सुटलो. बायको दुकानात माझ्याबरोबर असायची, झेरॉक्स तीच बघायची. ती म्हणाली, "अहो, एकदम दहा गोष्टी बदलता, आणि मग कशाने काय झालं म्हणून माझ्यावर ओरडता. एक बदला. बंद करून चालू करा. मी घड्याळ बघते."

तिने वही घेतली. पहिल्या ओळीवर लिहिलं, काही न करता, अकरा मिनिटं.

मशीन सुरू होताना आपोआप काय काय चालू होतं त्याची यादी उघडली आणि मी थक्क झालो. दोन वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या प्रिंटरचा प्रोग्राम रोज हजेरी लावत होता. ठाण्याच्या ऑफिसातलं कसलंसं हजेरीपुस्तक, कोपऱ्यातलं शोभेचं घड्याळ, मुदत संपलेला अँटिव्हायरस. मी एकेकाच्या नावापुढची खूण काढली. वहीत आठ मिनिटं.

मग पडद्यावरचं चित्र. तिथे देवीचा मोठा फोटो होता, आणि तो बायकोने लावून घेतला होता.

"देवीला काढताय?"

"देवी वर भिंतीवर आहे ना. इथे तिला वाळूचं घड्याळ बघत बसावं लागतं."

"स्वतः नमस्कार करा आणि मग काढा," ती म्हणाली. मी केला. फोटो, पडद्यावर पोहणारे मासे, खिडक्या सरकताना दिसणारी नक्षी, सगळं बंद केलं. अर्धं मिनिट वाचलं.

बुधवारी हार्ड डिस्कवरचा कचरा काढला आणि विखुरलेल्या फायली एकत्र लावायला घेतल्या. रंगीत चौकोन एकेक करून सरकतात, त्याला तासन् तास लागतात. भारनियमनामुळे वीज सलग मिळायचीच नाही. दोनदा काम अर्ध्यात तुटलं. वीज गेली की मी रस्त्यावर येऊन खांबाला शिव्या द्यायचो. गुरुवारी दुपारी एकदाचं ते पुरं झालं. मेमरी कमी पडली की हार्ड डिस्कवरची जी जागा मशीन उसनी वापरतं, तिचा आकारही ठरवून दिला. सहा मिनिटं.

त्याखाली काही केल्या येईना. सहा मिनिटं म्हणजे गुरुजींचा अर्धा चहा.

शुक्रवारी सकाळी बायकोने विचारलं, "ते मराठीचे फॉन्ट किती आहेत आपल्याकडे?"

मोजले. सहाशेच्या वर! त्या काळी प्रत्येक ऑफिसचा मराठी फॉन्ट वेगळा. तो आपल्याकडे नसेल तर त्यांच्या फ्लॉपीतलं पत्र उघडल्यावर नुसती चिन्हं दिसायची. म्हणून जो येईल तो पत्राबरोबर फॉन्टही आणायचा आणि मी तो घालून घ्यायचो. लग्नपत्रिकांचे वळणदार फॉन्ट तर डझनाने. काढला मात्र एकही नव्हता, कोण कधी परत येईल म्हणून. फुकट मिळालेली वस्तू टाकायची नाही, या माझ्या सवयीनेच मशीनला लोळवलं होतं. रोज सकाळी ते बिचारं सहाशे पोती उचलून उभं राहत होतं. दुरुस्तीवाल्याला हे दिसलं नाही, कारण त्याला ते बघायचंच नव्हतं.

मी मशीनबरोबर आलेले तेवढे ठेवले आणि बाकीचे सरसकट उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये नेऊन टाकले. मशीन चालू केलं. दोन मिनिटं वीस सेकंद! मी टेबलावर थाप मारली. गुरुजींची गेल्या वर्षीची यादी उघडली, तर चौकटी आणि आकडे यांचा चिवडा. एकाही मुलाचं नाव वाचता येईना.

"आता?" मी ओरडलो. "सहाशेतून कुठला शोधू?"

"ओरडू नका. वर पट्टीत त्याचं नाव लिहिलेलं आहे की," बायको म्हणाली. अक्षरं गेली तरी फॉन्टचं नाव तिथे राहतं, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. तेवढा एक फॉन्ट परत घातला आणि चारशे मुलं आपापल्या वर्गात येऊन उभी राहिली.

दुपारी गुरुजी आले, हातात फ्लॉपी. मला वाटलं, नवीन नावं घेऊन आले. ते म्हणाले, "तो गेल्या वर्षीचा फॉन्ट तेवढा यात घालून दे बाबा. तू गेल्या वर्षी दिलेली यादी स्टँडजवळच्या दुकानात उघडली, तर नुसती चिन्हं दिसतात."

"तुम्ही शुक्रवारपर्यंत थांबणार होता ना?"

"बुधवारीच दिली. तो नाशिकचा मिस्त्री म्हणाला, तुझं मशीन गेलंच आहे. उगाच कशाला वाट बघायची?"

म्हणजे मी इथे विजेच्या खांबाशी भांडत होतो, तेव्हाच माझं काम गेलं होतं! मी त्यांच्या हातातली फ्लॉपी घेतली, टेबलावर ठेवली आणि परत त्यांच्याकडे सरकवली. "फॉन्ट देतो गुरुजी. पण आधी या खुर्चीत बसा. मी मशीन बंद करून चालू करतो. तुमचा चहा मागवतो. चहा आधी आला, तर फॉन्ट घेऊन जा. मशीन आधी उठलं, तर यादी इथे होणार."

"अरे, चारशे मुलांची यादी आहे, आणि तू पैजा कसल्या लावतोस?"

"तिकडे हा फॉन्ट चालला नाही, तर चारशे नावं पुन्हा टाइप करावी लागतील. इथे फक्त बदल करायचेत. संध्याकाळी कागद तुमच्या हातात. तुम्हीच ठरवा."

गुरुजी बसले. वाळूचं घड्याळ आलं आणि गेलं. पडदा उघडला, यादी उघडली, पहिलीतलं पहिलं नाव स्वच्छ दिसलं. चहा अजून यायचा होता.

गुरुजी पडद्याकडे बघत राहिले. मग खुशीत म्हणाले, "वा! नवीन घेतलंस ना शेवटी? त्या मिस्त्रीचं ऐकलंस ते बरं केलंस."

मी उठलोच. बायकोने वही पुढे केली, "गुरुजी, हे बघा, अकरा, आठ, सहा..." गुरुजींनी वहीकडे न बघता खिशातून नवीन प्रवेशांचा कागद काढला. ती मला हळूच म्हणाली, "आधी यादी करा. मग भांडा."

यादी संध्याकाळी झाली, शनिवारी वेळेत गेली. पुढे बाकीच्या तीन शाळाही आल्या. आणि त्या तिन्ही मुख्याध्यापकांनी दारातच विचारलं, "नवीन मशीन कुठून घेतलंस रे?" मी प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, चहा घेतला आणि जाताना नाशिकच्या दुरुस्तीवाल्याचा नंबर मागितला.