लढाईवर न पाठवलेले बाप

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही हो! मी इथे किवींच्या देशात, पापाकुराच्या एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, केअरगिव्हर आहे. सकाळच्या चहाची ट्रॉली ढकलत टेबलापाशी गेलं, की नव्वदीच्या आसपासची ही पोरं सुरू होतात. त्यातल्या तिघांचं दुखणं एकच. दुसऱ्या महायुद्धात यांच्या वडिलांना सैन्यात घेतलंच नाही. कामं 'इसेन्शियल' होती ना! मालकाने अर्ज केला, की माणसाला लढाईतून सूट.

*

जोनचे वडील ओटाहुहूच्या मांसाच्या कारखान्यात खाटीक. फौजेला मटण हवं, म्हणून त्यांना सोडेनात. गल्लीतल्या एका बाईचे दोन्ही मुलगे आघाडीवर होते. ती एकदा भर बसस्टॉपवर म्हणाली, "धडधाकट दिसतोस, मग इथे कसा?"

ते म्हणाले, "बाई, या देशात माझ्याइतकं कोणीच मारत नाही!"

सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून ते कामाला चालत जायला लागले. "रोज चार मैल, डिअर!" जोन म्हणाली.

*

शर्लीचे वडील बेकर. शाळेत ॲन्झॅक डेला, म्हणजे सैनिकांच्या स्मरणदिनी, मुलं वडिलांची मेडल्स लावून आली. शर्लीने वडिलांनी पहाटे भाजलेला ब्रेड नेला. टीचर म्हणाल्या, "तो डब्याच्या सुट्टीत खा हं!"

घरी वडिलांनी विचारलं, "आवडला का टीचरना?"

"हो, खूप!"

बाबांशी आपण आयुष्यात तेवढंच खोटं बोललो, असं शर्ली म्हणते.

*

मग त्यांनी मला विचारलं, "तुझं काय?"

कोविडच्या लॉकडाऊनमध्ये माझ्याकडेही 'इसेन्शियल वर्कर'चं पत्र होतं. रस्त्यात पोलीस ते बघून म्हणायचा, "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या भाषेत, मस्त, जा! त्याच महिन्यात नाशिकला माझे बाबा गेले. विमानं बंद. त्या पत्रावर मला सगळीकडे जाता येत होतं, फक्त नाशिकला नाही!

जोनने तिचं बिस्किट माझ्या बशीत ठेवलं.

*

केन फारसा बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

त्याचे वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, म्हणून सूट. एकदा सैनिकांची गाडी सदा वारा सुटलेल्या वेलिंग्टनला न्यायची ड्युटी लागली. मागच्या डब्यात त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता. गाडी सहा मिनिटं आधी पोहोचली. स्टेशनमास्तरने शाबासकी दिली. भाऊ बंदरावर जाऊन जहाजात चढला, तो परत आलाच नाही.

"त्यानंतर रिटायर होईपर्यंत," केन म्हणाला, "वेलिंग्टनला बाबांची एकही गाडी वेळेवर गेली नाही. साहेब दरवेळी कारण विचारायचे."

"मग?"

"म्हणायचे, वारा होता!"