नळी निघेपर्यंत बसून राहिलेल्या हेमाताई

भाजी घेऊन घरी परतत होतो, तेव्हा शहाद्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, डॉक्टर हेमाताई गेल्या. मेंदूत रक्तस्राव झाला. सुरतेला नेत होते, वाटेतच..." पुढं तो काय बोलला ते आठवत नाही. मी पिशवीसकट कुणाच्या तरी ओट्यावर बसलो. माझ्या श्वासाची काळजी वाहणारी ही बाई माझ्याआधी गेली, तीही पन्नाशी गाठायच्या आत.

न्यूमोनियानं मी नंदुरबारच्या एका दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होतो, तेव्हाची आमची ओळख. तिथला अतिदक्षता विभाग त्या सांभाळायच्या. फुप्फुसं सुधारली, आता मशीन काढायचं असं ठरलं. पण मशीनची मदत कमी केली की माझी नाडी पळायची, घामानं उशी भिजायची, आपण बुडतोय असं वाटायचं. घशात नळी, ओरडायचीही सोय नाही. दोनदा प्रयत्न फसला. गळ्याला छिद्र पाडावं लागेल, ही चर्चा माझ्या खाटेशेजारीच झाली. मी सगळं ऐकत होतो...

छिद्र पाडण्याआधी हेमाताईंनी एक दिवस मागून घेतला. माझ्या बायकोला, कमलला, त्यांनी माझ्यासमोरच समजावलं. "ताई, सरांची फुप्फुसं तयार आहेत. पण मदत कमी झाली की शरीराला वाटतं, जीव चालला. मग मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल सोडत सुटतात. थोडं लागतंच ते. फार झालं की काळीज धावतं, श्वास उथळ होतो आणि माणूस दमतो."

"म्हंजे त्या भ्यायनात?" मी घाबरलोय का, असं कमलनं माझ्याकडं बघत विचारलं.

"हा, भ्यायनात. त्यामा लाज कसानी?" हेमाताईही अहिराणीत म्हणाल्या.

जन्मभर पोरांना 'घाबरू नका' म्हणत आलेला मी मास्तर. त्या वाक्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या दिवशी त्यांनी मला नुसतं झोपू दिलं. खाटेजवळची गडबड थांबवली, माझा चष्मा मागवून डोळ्यांवर चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची ओढून बसल्या आणि माझं मनगट धरलं. "सर, मी आठेच बठेल शे. तुम्ही फक्त श्वास सोडा, घेवानं आपोआप व्हई." दुसऱ्या बाजूला कमल परसातल्या भेंडीबद्दल बोलत राहिली. नाडी पळाली, घाम फुटला. कुणीतरी हेमाताईंना बोलवायला आलं, त्यांनी नुसता हात हलवून परत पाठवलं. हळूहळू छातीतली ती धडपड निवली... आणि नळी निघाली. मी घोगऱ्या आवाजात पाणी मागितलं, तर हसून म्हणाल्या, "आते नही, जरासा दम धरा!"

नंतर एकदा तपासणीला गेलो तेव्हा मी त्यांचे आभार मानले. त्यांनी माझे रिपोर्ट बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "सगळ्यांजवळ बसता येत नाही, सर. आणि बसूनही काही जण मशीनवरून सुटत नाहीत."

परवा कमलला घेऊन सारंगखेड्याला हेमाताईंच्या माहेरी गेलो. रविवारची दुपार होती. म्हाताऱ्या वडिलांनी मागची खोली दाखवली. "रविवारी सुट्टी मिळाली की यायची. जेवायची आणि इथं झोपायची. तेवढीच तिची झोप. आम्ही सगळे कुजबुजत बोलायचो."

तेवढ्यात स्वयंपाकघरात ताट पडलं. वडिलांनी पटकन ओठांवर बोट ठेवलं... "हळू!"

मग त्यांचं त्यांनाच उमगलं, आणि बोट तसंच खाली आलं.