बापानं केला नाही तो फोन

चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ते चिंचवडला चढायचे आणि माझ्या शेजारी बसायचे. पन्नाशीचे, दुसऱ्या खात्यातले. नाव मी कधी विचारलं नाही. मी कादंबरी वाचायचो, तेही शेजारून वाचायचे. मी पान उलटायला गेलो की पानावर बोट ठेवून म्हणायचे, "थांबा की राव, व्हायचंय माझं."

कादंबरीत मनाविरुद्ध लग्न केलेल्या मुलीशी बाप बोलणं तोडतो. तिथपासून त्यांचा पाय सारखा हलायला लागला. घड्याळाचा पट्टा काढायचे, पुन्हा लावायचे. मुलगी बाळंतपणात गेली, त्या पानावर ते एकदम ओरडले, "एक फोन करायला काय झालं होतं ह्याला?"

लोक वळून बघायला लागले. मी म्हणालो, "काका, गोष्ट आहे ती."

"माझी पोरगी इथं जवळ पुनावळ्यातच राहते," ते म्हणाले. "दोन वर्षं बोललो नाही. सातवा लागलाय, असं बायको सांगत होती."

मला पुढे वाचवेना. त्यांनी फोन काढला, खिशात ठेवला, परत काढला. कंपनीचं गेट आलं, सगळे उतरले. खालून मी पाहिलं, तर ते बसमध्येच फोन कानाला लावून उभे होते. "मी बोलतोय," एवढंच म्हणाले आणि मग नुसते ऐकत राहिले.