विहिरीच्या नावाचा माणूस

काइवोलांना काही विचारलं की ते आधी गप्प बसत. इतका वेळ, की विचारणाऱ्यालाच वाटे आपलं काही चुकलं. मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच दिवशी त्यांना बहिरं ठरवलं आणि तोच प्रश्न ओरडून विचारला. काइवोलांनी तोही शांतपणे ऐकून घेतला.

साठच्या दशकातली दुबई. मी एका ब्रिटिश कंत्राटदाराकडे टायपिस्ट होतो आणि फिनलंडचे हे गृहस्थ आमच्याकडे पाण्यासाठी बोअर मारायला आले होते. रत्नागिरीचे इब्राहिम पारकर ऑफिसचे दुभाषे. आडनावाचा उलगडा झाल्याशिवाय आपल्या माणसाच्या घशाखाली चहा उतरत नाही. पारकरभाईंनी चौकशी केली. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: ‘काइवो’ म्हणजे विहीर, ‘ला’ म्हणजे ठिकाण.

“म्हणजे विहीरगावकर! हा तर आपलाच माणूस,” म्हणत पारकरभाईंनी त्यांना कोकणी करून टाकलं.

मॅनेजरसाहेब त्यापुढे गेले. दुसऱ्या दिवसापासून ते भेटेल त्याला सांगू लागले, की या माणसाच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पाणी शोधण्याची विद्या आहे. काइवोलांनी मला एकट्याला गाठून खरं काय ते सांगितलं. त्यांचं मूळ आडनाव स्वीडिश. वडिलांच्या तरुणपणी तिकडे स्वीडिश आडनावं टाकून फिनिश घेण्याची लाट आली, गल्ल्याच्या गल्ल्या बदलल्या. वडील रेल्वेत तिकिटं विकत. त्यांना ‘काइवोला’ कानाला बरं वाटलं.

“आमच्या घरी नळ होता,” काइवोला म्हणाले.

हे त्यांनी साहेबांनाही सांगितलं. साहेबांनी नळाचा विषय बाहेर काढू नका, अशी समज दिली.

काम होतं डोंगराकडच्या एका वस्तीत. तिथल्या बायका गाढवं घेऊन लांबून पाणी आणत. वस्तीचे प्रमुख मतर नावाचे वयस्क गृहस्थ. घराण्याची कथा त्यांच्याही गळी उतरवलेली होती. पहिला बोअर खारा लागला. “खारं. खलास,” म्हणून काइवोलांनी यंत्र हलवलं. दुसराही खाराच. त्यांना पुढचा बोअर पायथ्याशी, कोरड्या ओढ्याच्या तोंडाशी घ्यायचा होता. साहेबांना तो रस्त्याकाठीच हवा होता, कारण उद्घाटनाला पाहुण्यांच्या मोटारी तिथवर पोचत होत्या. तोवर वस्तीतली तरुण पोरं बिथरली. कसलं घराणं, हा तर भोंदू, म्हणत त्यांनी यंत्राची वाट अडवली.

मतरांच्या तंबूत बैठक बसली. साहेबांनी पुन्हा घराण्यापासून सुरुवात केली. काइवोला त्या दिवशी प्रथमच चारचौघांत, कुणी न विचारता बोलले.

“घराणं वगैरे काही नाही. नाव वडिलांनी निवडलं. विहीर माझ्या नावात आहे. जमिनीत आहे का, ते खणल्यावर कळेल. मला वाटतं, ओढ्यापाशी असावी.”

पारकरभाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब मान हलवून नको म्हणत होते. पारकरभाईंनी शब्दन्‌शब्द अरबीत सांगून टाकला.

मतर म्हणाले, “मतर म्हणजे पाऊस. माझ्या वडिलांनी मोठ्या आशेनं ठेवलं. मी जन्मल्यापासून इथं किती पडलाय, ते तुम्ही बघताच आहात.” मग त्यांनी पोरांना बाजूला व्हायला सांगितलं.

ओढ्यापाशी पिण्याजोगं पाणी लागलं. उद्घाटनासाठी तिथवर रस्ता करण्यात आला, आणि पाण्याची जागा आपल्याला कशी सुचली, यावर साहेबांचं भाषण झालं. काइवोलांचा करार मात्र कंपनीने वाढवला नाही. परवानगीशिवाय बोलणं शिस्तीत बसत नव्हतं.

पारकरभाई आणि मी त्यांना विमानतळावर पोचवायला गेलो, तर मतर आधीच येऊन बसलेले, सोबत नव्या बोअरच्या पाण्याने भरलेली कातडी मशक. काइवोला ओंजळीने पोटभर प्यायले. कसं आहे, असं मतरांनी विचारलं. काइवोला नेहमीसारखे गप्प राहिले. विमानाची घोषणा झाली तरी गप्पच.

“थोडं खारट आहे,” ते शेवटी म्हणाले.

“साखरेसारखं गोड आहे म्हणतात,” पारकरभाईंनी अरबीत सांगितलं.

मतर मोठ्यांदा हसले. ते पाणी ते रोजच पीत होते.