गिझरवरचा कावळा

दुपारचं जेवण अंगावर आलंय. मिरजेच्या इंदूअक्काचा एक डोळा मिटलाय, दुसरा न्हाणीच्या दारावर राखण करतोय. लेक बाळंतपणाला आलीय, नातू अजून बारशाचाही नाही. लेक उठली की पोराच्या अंघोळीसाठी गिझरचं पाणी काढणार. आणि त्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. राखण करता करता दुसराही डोळा मिटतो.

गिझरवर कावळा बसलाय. आता खोटं कशाला सांगू, कावळ्याला रंगाप्पांची मिशी आहे.

"मेल्यावरही न्हाणीतच का?" अक्का नवऱ्याला विचारते.

रंगाप्पा अंघोळ करतानाच गेले. लोक म्हणाले, हृदय. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. घर विकणार नाही म्हटलं, लेकीचं सगळं करू म्हटलं, छे! शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

"शिवणार कसा? हवं ते कुणी बोललंच नाही."

आता मिशीमागे आख्खे रंगाप्पा आहेत, हातात टेस्टर. फरशीचा घाट झालाय, गिझर पिंपळाला टांगलाय, नदी वाफाळतेय.

"काय बोलायचं होतं?"

"की माझी जोडणी बरोबर होती."

जन्मभर ह्यांनी वायरमनला उंबरा ओलांडू दिला नाही. मुंग्या येतात म्हटलं, तर म्हणायचे, तुझं रक्त फिरत नाही.

"अहो, तान्ह्या पोराला न्हाऊ घालायचंय. काय करून ठेवलंयत?"

"आधी म्हण."

अक्का म्हणून टाकते. "तुमचंच बरोबर होतं."

रंगाप्पा फुलतात. "गिझर लावला की मेन स्विच पडायचा. हिरवी वायर काढून टाकली. पुन्हा पडला का?"

"अर्थिंगच काढलंत? कुत्रं भुंकतंय म्हणून कुत्रं मारलंत आणि चोर घरात ठेवलात! त्यानंच नेलं तुम्हाला."

"हृदयानं," रंगाप्पा रुसून म्हणतात. "डॉक्टरनं लिहून दिलंय."

"आई, पाणी काढते गं!"

हा आवाज घाटावरचा नाही. अक्का ताडकन उठते. "नळाला हात लावू नकोस! बाहेर ये आधी!"

लेक दारातच थबकते. अक्का बाहेरचं बटण बंद करते, तेव्हा कळतं, दुसरी मूठ अजून मिटलेलीच आहे. उघडून बघते, तर हिरव्या वायरीचा तुकडा. टोक दातांनी सोललेलं. वायर दातांनी सोलणारा माणूस ह्या घरात एकच होता.

"वायरमनला बोलव," ती लेकीला सांगते. मग खिडकीबाहेर, कठड्यावर बसलेल्या कावळ्याकडे वळते.

"आणि मघाचं ते मी परत घेतलं, ऐकलंत?"

कावळा मान वाकडी करतो. जागचा हलत मात्र नाही.